ओव्हर-अंडर बंदूक पारखताना: आधी नळ्या, मग सांधा, किंमत सर्वांत शेवटी

वापरलेली ओव्हर-अंडर, म्हणजे एकावर एक दोन नळ्या असलेली छऱ्यांची बंदूक, घ्यायला निघालेला माणूस बहुतेक वेळा उलट्या टोकाने सुरुवात करतो. बंदूक हातात आली की आधी दस्त्याच्या लाकडावरच्या रेषा बघतो, मग नक्षी. दोनदा खांद्याला लावतो आणि थेट किमतीवर येतो. नळ्यांत डोकावतो ते आतून चकाकतात का एवढंच बघायला. अशाने देखणी पण आतून संपलेली बंदूक गळ्यात पडते. दुसरी चूक मला जास्त टोचते: भरपूर चाललेली पण नीट राखलेली, अजून हजारो बार सहज सोसेल अशी बंदूक केवळ "जुनी वाटते" म्हणून परत ठेवली जाते.

यावर उपाय क्रमाचा आहे. जे बदलता येत नाही किंवा बदलायला सर्वांत महाग पडतं, ते आधी तपासायचं. नळ्या नापास झाल्या तर पुढचं काहीच बघायचं नाही. खाली दिलेले टप्पे त्याच क्रमाने आहेत, त्यांची अदलाबदल करू नका.

## तयारी: निघण्यापूर्वी

सोबत न्यायच्या वस्तू: त्याच बोअरची (नळीच्या मापाची) दोन स्नॅप कॅप्स म्हणजे डमी काडतुसं, छोटी टॉर्च, भिंग, मोजपट्टी, दोन-तीन मऊ फडकी, नळी साफ करायची काठी, अगदी पातळ कागदाची पट्टी आणि वही. कुणाकडे बोअर गेज, म्हणजे नळीचा आतला व्यास मोजायचं साधन, मिळत असेल तर जरूर मागून घ्या.

विकणाऱ्याला आधीच विचारून ठेवा. चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती नळीतली जागा, किती मिलिमीटरची? चोक, म्हणजे नळीच्या तोंडाशी आवळलेला भाग, कायमचे की बदलायचे? बदलायचे असतील तर सगळे चोक आणि त्यांची चावी आहे का? आजवर काय दुरुस्त झालं आणि कुणी केलं? शेवटी हे दोन प्रश्न: फोर-एंड (नळ्यांखालचा पुढचा लाकडी भाग) काढून बघू द्याल का, आणि रेंजवर बार काढून बघता येतील का? यातल्या पहिल्याला "नाही" आलं तर मी जातच नाही.

त्या मॉडेलची उघडण्याची पद्धतही आधी वाचून घ्या. ब्राउनिंग कंपनीच्या जुन्या सुपरपोज्ड मॉडेलचा फोर-एंड पुढे सरकतो, पण नळ्यांपासून सुटा होत नाही. हे माहीत नसलेला माणूस तो ओढत बसतो आणि दुसऱ्याच्या बंदुकीचं नुकसान करतो.

सावधान: बंदूक हातात घेतल्याबरोबर तोंड सुरक्षित दिशेला ठेवून उघडा आणि दोन्ही चेंबर डोळ्यांनी रिकाम्या बघा. "रिकामीच आहे" असं कुणी सांगितलं तरीही. खरी काडतुसं त्या टेबलावर असता कामा नयेत.

## टप्पा १: क्रमांक आणि शिक्के

कागदपत्रांवरचा क्रमांक, बंदुकीच्या धडावरचा (चाप बसवलेला मधला लोखंडी भाग), नळ्यांच्या मुळाशी असलेला आणि फोर-एंडच्या लोखंडी भागावरचा क्रमांक जुळवून बघा. फोर-एंडवर काही कंपन्या पूर्ण क्रमांक टाकत नाहीत, शेवटचे आकडेच असतात. नळ्यांचा क्रमांक वेगळा निघाला तर त्या दुसऱ्या बंदुकीच्या आहेत. त्या नीट बसवलेल्या असतील तर बंदूक चालेल, पण किंमत पडते.

मग प्रूफचे शिक्के. इटलीतलं गार्दोने, बेल्जियममधलं लिएज, इंग्लंडमधली लंडन आणि बर्मिंगहॅम ही प्रूफ हाउसं नेहमीच्या वापरापेक्षा जास्त दाबाची काडतुसं उडवून नळ्या तपासतात आणि शिक्का मारतात. अमेरिकेत अशी सरकारी व्यवस्था नाही, तिथे कंपनीच तपासते. त्यामुळे अमेरिकन बंदुकीवर प्रूफ हाउसचा शिक्का नसणं हा दोष नाही.

शिक्क्यांमधून तीन गोष्टी वहीत उतरवा: चेंबरची लांबी (७० किंवा ७६ मिमी), बोअरचा व्यास (१२ बोअरला १८.५ मिमीच्या आसपास) आणि स्टीलच्या छऱ्यांसाठी प्रूफ झाल्याची खूण. ती खूण तीन पाकळ्यांच्या लिलीच्या फुलासारखी असते.

नेहमीची चूक: "७६ मिमीचं काडतूस ७० मिमीच्या चेंबरमध्ये बसलं, म्हणजे चालतं." बसणारच. काडतुसाची लांबी तोंड उघडल्यानंतरची मोजलेली असते, बंद काडतूस त्याहून आखूड असतं. बार उडताना तोंडाला उघडायला जागा मिळत नाही आणि दाब धोकादायक वाढतो. दुसरी चूक म्हणजे ७६ ची चेंबर बघून स्टील चालेल असं गृहीत धरणं. चेंबरची लांबी आणि स्टीलचं प्रूफ या वेगळ्या गोष्टी आहेत.

## टप्पा २: नळ्या

अर्धा तास दिलात तर पंधरा मिनिटं इथे द्या.

आधी साफ करा. नळ्या सोडवून दोन्हींतून फडकं फिरवा. शिशाचा आणि वॅडचा (काडतुसात छऱ्यांमागे असलेल्या प्लास्टिकच्या डबीचा) थर खड्डे बुजवून टाकतो आणि तेलाचा हात नळीला खोटी चकाकी देतो.

मग उजेडाकडे धरा. खिडकीच्या सरळ कडेकडे किंवा ट्यूबलाइटकडे नळी रोखा आणि हळूहळू फिरवा. नळीच्या आत उजेडाच्या सरळ रेषा आणि एकात एक वर्तुळं दिसतात. ती नीट, अखंड असायला हवीत. एखाद्या जागी काळं कडं दिसलं तर तिथे नळी फुगली आहे. चंद्रकोरीसारखी सावली एकाच बाजूला दिसली तर तिथे पोचा आहे. तोंडाकडून बघून झालं की मागून बघा, कारण एका बाजूने लपलेलं दुसऱ्या बाजूने दिसतं. मग डोळे मिटून बाहेरून बोटं फिरवा. बोटांना कळणारी फुगवटी डोळ्यांना पुष्कळदा दिसत नाही.

पोचा आणि फुगवटी यांत फरक करा. लहान पोचा चांगला कारागीर आतून वर काढू शकतो. फुगलेल्या जागी पोलाद ताणलं गेलेलं असतं आणि ते पूर्ववत होत नाही. फुगलेल्या नळीची बंदूक मी कोणत्याही किमतीला घेत नाही.

खड्डे कुठे आहेत ते बघा. चेंबर संपून नळी निमुळती होते ती जागा आणि तोंडाजवळचे शेवटचे दहा सेंटिमीटर या गंजाच्या आवडत्या जागा. क्रोमचा लेप असलेल्या नळ्या जास्त टिकतात, पण लेप एकदा सुटला की त्याखाली गंज पसरतो. मधल्या भागातले विरळ, उथळ ठिपके घाबरण्यासारखे नाहीत. खोल खड्डे चेंबरच्या पुढे असतील तर तिथेच दाब सर्वाधिक असतो, म्हणून थांबा.

जाडी. खड्डे घालवण्यासाठी नळी आतून घासून घेतलेली असू शकते. अशी नळी आरशासारखी दिसते, पण पातळ झालेली असते. म्हणून चकाकी हा पुरावा नव्हे. बोअर गेजने आतला व्यास मोजा आणि शिक्क्यावरच्या आकड्याशी ताडून बघा. ०.२ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर नळी घासलेली आहे असं धरा आणि कारागिराकडून भिंतीची जाडी मोजून घ्या. १२ बोअरच्या नळीत सर्वांत पातळ जागी ०.५ मिमीच्या खाली गेलेली जाडी घेऊ नये. ओव्हर-अंडरच्या नळ्या सहसा याहून बऱ्याच जाड असतात.

चोक. बदलायचे चोक असतील तर प्रत्येक चोक काढून बघा. निघत नसेल तर जोर लावू नका, फक्त वहीत नोंदवा. अडकलेला चोक म्हणजे पुढे खर्च. आटे स्वच्छ हवेत आणि चोकची मागची कडा नळीत डोकावता कामा नये. चोक न लावता कुणी बार काढला असेल तर आट्यांच्या जागी नळी फुगू शकते, तिथे बाहेरून बोट फिरवा. कायमचे चोक असतील तर ते मोजा. १२ बोअरमध्ये पाव चोक साधारण ०.२५, अर्धा ०.५ आणि पूर्ण चोक १ मिमी आवळलेला असतो. शिक्का पूर्ण चोकचा आणि माप पावचं, असं वारंवार सापडतं.

लांबी. नळ्या बहुधा ६६, ७१, ७६ किंवा ८१ सेंटिमीटरच्या असतात, कारण मूळ माप इंचांत धरलेलं असतं. विचित्र लांबी निघाली आणि तोंडाशी चोक गायब असेल, तर नळ्या कापलेल्या आहेत.

आवाज. इजेक्टर, म्हणजे उडालेली काडतुसं बाहेर फेकणारे भाग, काढता येत असतील तर काढा, नळ्या मुळाशी एका बोटावर लटकवा आणि बोटाच्या पेराने टिचकी मारा. घंटेसारखा लांबणारा नाद आला तर रिब, म्हणजे नळ्यांवर आणि त्यांच्यामध्ये जोडलेल्या पट्ट्या, घट्ट आहेत. भांड्यासारखा बद्द आवाज किंवा खरखर आली तर कुठेतरी रिबचा टाका सुटला आहे. दोन नळ्यांच्या मध्ये रिबच नसलेल्या किंवा जाळीदार रिबच्या बंदुकांत ही परीक्षा कच्ची पडते. तिथे रिबच्या कडेने अंगठा दाबत जा आणि गंजाची बारीक रेषा दिसते का बघा.

पुढे जाण्यापूर्वी: फुगवटी नाही, चेंबरपुढे खोल खड्डे नाहीत, जाडी पुरेशी, रिब घट्ट. यातली एक जरी अट पुरी होत नसेल तर आभार मानून निघा.

## टप्पा ३: सांधा आणि कुलूप

"बंदूक सैल आहे का" या एका प्रश्नात दोन वेगळ्या झिजा मिसळलेल्या असतात. एक बिजागरीची झीज, जिथे नळ्या धडावर फिरतात. दुसरी कुलपाची, म्हणजे बंद झाल्यावर नळ्या धरून ठेवणाऱ्या बोल्टची. वरचा खटका, म्हणजे बंदूक उघडायची कळ, कुलपाबद्दल सांगतो, बिजागरीबद्दल काहीही सांगत नाही.

खटका आधी बघा. नव्या बंदुकीत तो मधल्या रेषेच्या थोडा उजवीकडे थांबतो. बोल्ट झिजेल तसा तो डावीकडे सरकतो. मध्यावर आलेला खटका म्हणजे चाललेली, पण निरोगी बंदूक. मध्य ओलांडून डावीकडे गेला असेल तर बोल्टचं काम निघालं.

आता बिजागरी. फोर-एंड काढा. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि तिथेच फसतात, कारण फोर-एंड नळ्यांना मागे दाबून धरतो आणि सैलपणा झाकतो. सांध्यावरचं ग्रीस पूर्ण पुसा, दाट ग्रीसही तेच करतं. बंदूक बंद करा, दस्ता काखेत घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताने नळ्या आधी आडव्या, मग खालीवर हलवा. नळ्या आणि धड मिळतात त्या फटीवर अंगठा ठेवा. हालचाल दिसण्याआधी अंगठ्याला जाणवते.

नंतर बंद बंदूक उजेडासमोर आडवी धरून नळ्यांच्या मागच्या सपाट तोंडापाशी बघा. उजेडाची फट दिसू नये. शंका आली तर कागदाची पट्टी मध्ये ठेवून बंद करा आणि ओढा. धरून राहिली तर ठीक, सरसर निघाली तर बिजागरी झिजली आहे.

झीज सापडली म्हणून लगेच नकार देऊ नका, आधी रचना बघा. बेरेटाच्या ६८० मालिकेत, म्हणजे ६८२, ६८६, ६८७ मध्ये, नळ्या दोन बाजूंच्या आखूड खुंट्यांवर फिरतात आणि धडातून पुढे येणाऱ्या दोन निमुळत्या पिना त्यांना धरतात. हे भाग बदलता येतात. ब्राउनिंग सिटोरी आणि मिरोकू यांत खालून आरपार जाणारी बिजागरीची पिन आणि तळाशी रुंद बोल्ट असतो. ही रचना थोडी उंच, पण फार चिवट. क्रीगहॉफ के-८० मध्ये वरून पुढे सरकणारं झाकण नळ्यांना धरतं. अशा बंदुकांचा सांधा जाणता कारागीर पुन्हा घट्ट करून देतो. हाताने घडवलेल्या, कमी संख्येने बनलेल्या बंदुकीत तेच काम कैकपट महाग पडतं.

सावधान: नळ्यांखालचा हूक आणि बिजागरी भिंगाखाली बघा. हातोडीच्या ठोक्यांच्या खुणा, वेल्डिंगचा थेंब किंवा मध्ये घातलेली पातळ पत्री दिसली, तर कुणीतरी विक्रीपुरती बंदूक घट्ट केली आहे. सैल बंदुकीपेक्षा अशी बंदूक वाईट, कारण आता तुम्हाला खरी झीज किती ते कळणारच नाही.

फायरिंग पिन, म्हणजे काडतुसाच्या बुडावर आदळणारी पिन, हिची भोकंही इथेच बघा. भोकाभोवती खरवडल्यासारखे खड्डे असतील तर कधीतरी प्राइमर (काडतुसाच्या बुडातली ठिणगी देणारी टोपी) फुटून गरम वायू मागे आले आहेत. आणि स्क्रूंची डोकी! खाचा फाटलेल्या, झिजलेल्या असतील तर बंदूक चुकीच्या हातांनी उघडली आहे. आत आणखी काय केलं असेल याचा तो सर्वांत प्रामाणिक दाखला.

## टप्पा ४: चाप, सेफ्टी, इजेक्टर

फोर-एंड परत लावा, दोन्ही चेंबरमध्ये स्नॅप कॅप्स घाला. रिकाम्या बंदुकीचा चाप ओढू नका, अनेक मॉडेलांत पिन तुटते.

1. सेफ्टी लावून चाप जोराने ओढा, सोडा आणि मग सेफ्टी काढा. काढताना घोडा पडला तर ती बंदूक दुरुस्तीशिवाय वापरायची नाही.
2. सेफ्टी काढून बंदूक उभी धरा आणि दस्त्याच्या तळाला तळहाताने ठोका द्या. काहीही सुटू नये.
3. नळी निवडायचा खटका दोन्ही बाजूंना ठाम बसतो का बघा. मधल्या मध्ये अडकत असेल तर दुसरा बार ऐन वेळी उडणार नाही.
4. दोन्ही चाप पाडून झाल्यावर उघडा. दोन्ही कॅप्स एकदम उडून जवळजवळ पडायला हव्यात. मग एकाच नळीचा चाप पाडून उघडा. ती एकच कॅप उडावी, दुसरी फक्त वर यावी.

एकच चाप असलेल्या बंदुकीबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, कारण इथे मी स्वतः चुकलो आहे. पहिला चाप पाडला, दुसऱ्यांदा ओढला, काहीच झालं नाही. दुसरी नळी बिघडली असं ठरवून मी एक निर्दोष बंदूक नाकारली. बेरेटा ६८६ सारख्या बंदुकांत चाप दुसऱ्या नळीवर जाण्यासाठी बंदुकीचा धक्काच लागतो. डमी काडतुसाला धक्का नसतो, म्हणून पहिल्या चापानंतर दस्ता तळहाताने ठोकावा लागतो. ब्राउनिंग ७२५ किंवा के-८० यांचा चाप यांत्रिक आहे, तो धक्क्याशिवाय दुसऱ्या नळीवर जातो. तुमच्या समोरची बंदूक यातली कोणती, हे आधी माहीत करून घ्या.

चापाचं वजन साधारण दीड ते दोन किलोच्या दरम्यान असावं. फार हलका लागला तर कुणीतरी आत घासलं आहे.

## टप्पा ५: लाकूड

इथे लवकर आटपा. दस्त्याचं मनगट आणि धडाला चिकटणारी जागा भिंगाखाली बघा. धडाच्या वरच्या पट्टीच्या मागून निघणारा केसासारखा तडा हा धोक्याचा इशारा. त्याच जागी लाकूड काळपट आणि नखाला मऊ लागत असेल तर वर्षानुवर्षं तेल मुरलं आहे. तोंड वर करून ठेवलेल्या बंदुकीतलं तेल दस्त्यात उतरतं, म्हणून जाणकार ती तोंड खाली करून ठेवतात. दस्ता कापून आखूड केला आहे का हे दस्त्याच्या मागच्या रबरी पॅडच्या जोडावरून आणि चापापासूनच्या लांबीवरून कळतं. सर्वसाधारण लांबी ३६५ ते ३७५ मिमी असते.

दस्ता तुमच्या खांद्याला बसतो का, हा प्रश्न महत्त्वाचा आहे, पण त्याचा भरवशाशी संबंध नाही. दोन्हींची नोंद वेगळी ठेवा.

## टप्पा ६: प्रत्यक्ष बार

किमान ५० काडतुसं. त्यांत काही हलकी, २४ ग्रॅमची असू द्या, कारण धक्क्यावर चालणारा चाप कमजोर असेल तर हलक्या काडतुसावर आधी उघडा पडतो. पहिले दहा बार फक्त खालच्या नळीने, पुढचे दहा फक्त वरच्या, नंतर जोड्या. बंदूक तापल्यावर इजेक्टर मंदावतात का बघा.

उडालेली काडतुसं नळीनुसार वेगळी ठेवा आणि प्राइमरवरचे ठसे तपासा. ठसा मधोमध, गोल आणि सारख्या खोलीचा हवा. एका नळीचा ठसा उथळ असेल तर स्प्रिंग किंवा पिन थकली आहे. हे स्वस्तात बदलतं. एका चापाला दोन्ही बार उडाले तर तिथेच थांबा.

मग पॅटर्न प्लेट, म्हणजे छर्रे कसे पसरतात ते बघायचं लक्ष्य. ४० यार्ड, म्हणजे ३६.६ मीटरवरून, आधार घेऊन, प्रत्येक नळीचे निदान तीन-तीन बार वेगळ्या कागदांवर काढा. ७५ सेंटिमीटरच्या वर्तुळात पूर्ण चोकने सुमारे ७० टक्के, अर्ध्याने ६० आणि चोक नसलेल्या नळीने ४० टक्के छर्रे यायला हवेत. छऱ्यांचे नंबर देशोदेशी सारखे नसतात, त्यामुळे एकूण संख्या तुमच्या काडतुसांच्या कंपनीच्या तक्त्यावरूनच घ्या.

टक्क्यांपेक्षाही दोन्ही नळ्यांच्या छऱ्यांच्या ठशांचे मध्य एकमेकांवर येतात का हे महत्त्वाचं. नळ्या एकमेकींना जोडताना झालेली चूक नंतर सुधारणं फार कठीण असतं, आणि ही एक गोष्ट टेबलावरच्या कोणत्याही परीक्षेत दिसत नाही. तिन्ही जोड्यांत मध्य सातत्याने वीतभर सरकलेले असतील तर घेऊ नका.

## टप्पा ७: किंमत ठरवणे

आता वही उघडा. सुरुवात विकणाऱ्याच्या आकड्यापासून करू नका. तेच मॉडेल, तीच श्रेणी, तीच नळीची लांबी, तेच चोक, अशा बंदुका प्रत्यक्षात कितीला *विकल्या गेल्या* ते शोधा. जाहिरातीतला भाव म्हणजे मागणी, विक्री नव्हे.

त्यातून प्रत्येक दोषासाठी कारागिराकडून घेतलेला खर्चाचा अंदाज वजा करा. अंदाज घेतल्याशिवाय वजाबाकी करू नका, कारण लोक स्प्रिंगला घाबरतात आणि सुट्या रिबला क्षुल्लक समजतात. प्रत्यक्षात उलट आहे.

भाव खाली आणणाऱ्या गोष्टी: दुसऱ्या बंदुकीच्या नळ्या, कापलेला दस्ता, हरवलेले चोक, सुटे भाग मिळत नसलेली कंपनी, आणि पुन्हा पॉलिश करून काळी केलेली नळी. शेवटची ओळखायला अक्षरांच्या कडा बघा. मूळ अक्षरं तीक्ष्ण असतात, पॉलिश केलेली बोथट होतात. नेम मारायला ती तितकीच चांगली, पण मूळ अवस्थेचा भाव तिला देऊ नये.

भाव टिकवणाऱ्या गोष्टी: मूळ अवस्था, बदलायचे चोक, स्टीलचं प्रूफ. डेन्मार्कने १९९६ मध्ये शिशाचे छर्रे बंद केले, युरोपीय संघात २०२३ पासून पाणथळ जागी आणि त्यांच्या आसपास ते चालत नाहीत. अशा ठिकाणी लिलीच्या फुलाची खूण नसलेली बंदूक विकायला जड जाते. नक्षीला पैसे मोजायचे असतील तर ती हाताची आहे का हे भिंगाने बघा. हाताने कोरलेल्या रेषेची रुंदी आणि खोली बदलत जाते, यंत्राची रेष सगळीकडे एकसारखी असते.

बारांची संख्या मी भावात फारशी धरत नाही. स्पर्धेत लाखभर बार झालेली, दर काही वर्षांनी स्प्रिंगा बदलून सांधा तपासलेली बंदूक मला कपाटात ओल खात पडलेल्या "जवळजवळ नवी"पेक्षा जास्त मोलाची वाटते. दुरुस्तीच्या पावत्या असतील तर त्या मागून घ्या.

सौदा ठरला तरी पैसे देताना बंदूक पुन्हा एकदा उघडा. क्रमांक वहीतल्या क्रमांकाशी जुळवा, चोक मोजून पेटीत ठेवा, चावी आहे ना बघा, आणि पावतीवर क्रमांकासोबत चेंबरची लांबी व चोकांची संख्या लिहून घ्या.